वाकलेली मान आणि दुखणारा खांदा

विद्यार्थिमित्रांनो, दाढ दुखू लागली की आपण दातांच्या डॉक्टरांकडे जातो. खुर्चीत मागे रेलून बसतो, तोंड उघडतो आणि वरच्या दिव्याकडे पाहत राहतो. त्या वेळी आपले सारे लक्ष स्वतःच्या दुखण्याकडे असते, आणि ते साहजिकच आहे. पण पुढच्या वेळी जाल तेव्हा एक गोष्ट जरूर करा. डॉक्टरांच्या मानेकडे, खांद्यांकडे आणि कोपरांकडे पाहा. मान किती झुकली आहे? कोपर अंगाजवळ आहे की हवेत उचललेले आहे? त्याच स्थितीत ते किती वेळ राहतात?

दुसऱ्याचे दुखणे दूर करणारा हा माणूस पुष्कळदा स्वतः दुखणे सोसत असतो. दंतवैद्यांच्या अंगदुखीविषयी निरनिराळ्या देशांत ज्या पाहण्या झाल्या, त्यांचा एक आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की स्नायूंचे किंवा सांध्यांचे दुखणे असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये शेकडा ६४ पासून शेकडा ९३ पर्यंत होते. मान, खांदे, पाठ, कंबर, मनगट आणि बोटे ही दुखण्याची ठिकाणे. हे लोक पोती उचलत नाहीत, कुदळ चालवीत नाहीत. त्यांच्या हातातील हत्यार काही ग्रॅम वजनाचे असते. मग त्यांचे अंग का बरे दुखावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला आठवीनववीत शिकलेली तरफ, आरसा आणि भिंग यांची गाठ पडेल. आणि शेवटी आपण दवाखान्यातून बाहेर पडून सोलापूरच्या घराघरांत जाऊ, कारण हे दुखणे एकट्या दंतवैद्यांचे नाही.

लहानशी खिडकी

मोठ्या माणसाने तोंड पूर्ण उघडले, तर वरच्या व खालच्या दातांमध्ये साधारण चार ते पाच सेंटिमीटर अंतर पडते. एवढ्या लहान खिडकीतून डॉक्टरांना काम करायचे असते. त्यातून एका हाताने गाल व जीभ बाजूला धरायची, दुसऱ्या हाताने हत्यार चालवायचे, दिव्याचा उजेड आत पाडायचा आणि आपल्या डोळ्यांनी नेमके पाहायचे. काम असते मिलिमीटरच्या अंशांचे. हात किंचित सरकला तर हिरडीला इजा व्हायची.

मागची वरची दाढ सरळ समोरून दिसत नाही. ती पाहण्यासाठी डॉक्टर मान पुढे झुकवतात, मग एका बाजूला कलती करतात आणि पुष्कळदा कंबरेतून पिळतातही. एकदा नीट दिसू लागले, की त्याच स्थितीत स्थिर राहतात. पाच मिनिटे, दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त. हालचाल नाही, वजन नाही, घाम नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, की हे तर बसून करण्याचे आरामाचे काम. खरी गोष्ट समजण्यासाठी आपण थोडे गणित करू.

मान म्हणजे एक तरफ

मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे ५ किलोग्रॅम असते. हे डोके मानेच्या मणक्यांवर तोललेले असते. मानेचा तळ हा टेकू, डोक्याचे वजन हा भार आणि मानेच्या मागच्या बाजूचे स्नायू लावतात ते बल. झाली तरफ तयार!

तरफेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण काही ठोकळ आकडे घेऊ. मागचे स्नायू टेकूपासून ५ सें.मी. अंतरावर आहेत असे धरू. ही झाली बलभुजा. मान ताठ असताना डोक्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित पुढे, म्हणजे समजा २ सें.मी. पुढे असतो. ही झाली भारभुजा.

म्हणून ५ × २ = बल × ५. यावरून बल आले २ किलोग्रॅम. मान ताठ असताना स्नायूंना एवढेच ओढून धरावे लागते.

आता मान ३० अंश पुढे झुकवा. डोक्याचा गुरुत्वमध्य मानेच्या तळापासून साधारण १६ सें.मी. उंचीवर आहे असे धरले, तर झुकल्यामुळे तो टेकूच्या सुमारे १० सें.मी. पुढे जातो. पुन्हा तोच नियम लावा. ५ × १० = बल × ५. बल आले १० किलोग्रॅम.

म्हणजे डोक्याचे वजन तेवढेच राहिले, पण स्नायूंवरचा ताण पाचपट झाला! मान ६० अंश झुकवली तर भारभुजा सुमारे १५ सें.मी. होते आणि बल होते १५ किलोग्रॅम. भरलेली घागर तुम्ही कमरेवर घेता, हात लांब करून धरत नाही. त्याचे कारणही हेच. भार शरीराच्या जितका जवळ, तितके स्नायूंचे काम हलके.

उचललेल्या हाताचेही असेच आहे. सुमारे ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे ३ किलोग्रॅमचा भरतो. तो सरळ बाजूला आडवा धरला, तर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून ३० सें.मी.च्या आसपास असतो. हात तोलणारा स्नायू मात्र सांध्यापासून जेमतेम ३ सें.मी. अंतरावरून ओढतो. तेव्हा ३ × ३० = बल × ३, म्हणजे ३० किलोग्रॅम! हातात काहीही नसताना एवढा ताण. कोपर वाकवून हात जवळ घेतला की तो बराच कमी होतो. फळ्यावर उंच जागी बराच वेळ लिहिल्यावर शिक्षकांचा खांदा का भरून येतो, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

न हलणारा स्नायू लवकर दमतो

पण मित्रांनो, केवळ ताण हे पुरेसे कारण नाही. सोलापूरहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या वारकऱ्याच्या पायांचे स्नायू कितीतरी जास्त काम करतात, आणि तरी तासन्‌तास करू शकतात. मग मानेचे स्नायू अर्ध्या तासात का कुरकुरतात?

एक प्रयोग करून पाहा. कपडे वाळत घालताना लावतात तो चिमटा घ्या. अंगठा व तर्जनी यांनी तो दर सेकंदाला एकदा दाबा आणि सोडा. किती वेळ करता येते ते घड्याळात पाहा. पाच मिनिटे विश्रांती घ्या. आता तोच चिमटा दाबून उघडा धरून ठेवा, सोडू नका. बोटे केव्हा थरथरू लागतात ते पाहा. दुसऱ्या वेळी बोटे बरीच लवकर दमतात असे बहुतेकांना आढळेल.

याचे कारण रक्तपुरवठ्यात आहे. स्नायू आकुंचन पावला की त्याच्या आतला दाब वाढतो आणि आतल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. सैल पडला की त्या पुन्हा भरतात. आकुंचन, प्रसरण, आकुंचन, प्रसरण असे चालू असले, की स्नायू जणू हापशासारखे काम करतो. जुने रक्त ढकलतो, ताजे रक्त घेतो. प्राणवायू व इंधन येत राहते आणि कामातून निर्माण झालेली द्रव्ये वाहून जातात. पण स्नायू आकुंचित स्थितीतच राहिला, तर हापसा दाबून धरल्यासारखे होते. पाणी वाहायचे थांबते. ताण जास्त असेल तर रक्तप्रवाह फार कमी होतो आणि स्नायू लवकरच दुखू लागतो.

यावर एक शंका निघेल. ताण अगदी थोडा असेल तर रक्त मिळतच असेल, मग दुखायचे कारण काय? १९९१ साली स्वीडनमधील संशोधक हेग यांनी यासाठी एक कल्पना मांडली. एका स्नायूत तंतूंचे अनेक गट असतात. हलके काम असले की काही थोडेच गट कामाला लागतात, आणि दर वेळी तेच ते लागतात. सर्वांत आधी तेच कामावर येतात आणि सर्वांत शेवटी तेच सुटतात. सावत्र आईच्या घरी सर्वांआधी उठणाऱ्या व सर्वांनंतर झोपणाऱ्या गोष्टीतल्या सिंड्रेलावरून या कल्पनेला नाव पडले. बाकीचे तंतू मोकळे बसले, तरी या थोड्या तंतूंना दिवसभर सुटी मिळत नाही. स्नायूचे दुखणे समजावून सांगणारी ही एकच कल्पना नाही, पण हलके काम रोज, विनाखंड केल्याने दुखणे कसे जडू शकते हे तिच्यामुळे नीट कळते.

कंबरेचीही अशीच कथा आहे. मणक्यांच्या मध्ये लवचिक चकत्या असतात. १९६० च्या दशकात स्वीडनमधील शल्यचिकित्सक नाखेमसन यांनी बारीक सुईच्या साहाय्याने माणसाच्या या चकत्यांमधला दाब प्रत्यक्ष मोजला. सरळ उभे राहण्यापेक्षा पाठीला आधार न घेता पुढे वाकून बसल्यावर हा दाब जास्त भरला. प्रौढ माणसाच्या चकत्यांमध्ये रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांचे पोषण आजूबाजूच्या ऊतींतून झिरपत येते, आणि शरीराची स्थिती बदलत राहणे त्याला उपकारक असते. बसणे म्हणजे आराम, ही आपली समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे.

बोटांची चिमूट आणि मनगटातला बोगदा

दातांवरचे कीटण खरवडताना डॉक्टर बारीक हत्यार बोटांच्या चिमटीत घट्ट धरतात. बोटे वळवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. त्यांची ओढ लांब दोऱ्यांसारख्या कंडरांमधून बोटांपर्यंत पोचते. कठपुतळीचे दोरेच म्हणा ना!

हे दोरे मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याची जमीन व भिंती मनगटाच्या लहान हाडांच्या आणि छत एका चिवट पट्ट्याचे. या बोगद्यातून नऊ कंडरा व एक चेता जाते. कंडरांभोवतीची आवरणे सुजली किंवा मनगट बराच काळ वाकवलेले राहिले, तर बोगद्यातला दाब वाढतो. हाडे हटत नाहीत, पट्टा ताणत नाही, आणि सारा त्रास चेतेला होतो. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो, पुढे पकड कमजोर होते. ज्याचे पोट हाताच्या कसबावर चालते, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट किती गंभीर आहे पाहा.

येथेही पदार्थविज्ञान मदतीला येते. पेचकसाची मूठ जाड का असते? कारण तेवढाच पीळ देण्यासाठी जाड मुठीला कमी बल लागते. अमेरिकेत दंतवैद्यांच्या हत्यारांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दिसले. सुमारे १० मिलिमीटर जाड आणि १५ ग्रॅमच्या आसपास वजनाची हलकी मूठ असली, तर बारीक व जड मुठीपेक्षा बोटांना कमी जोर लावावा लागतो.

तीनशे वर्षांपूर्वीचा एक प्रश्न

कामाचा आणि दुखण्याचा संबंध असतो हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्याचा मान इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांना दिला जातो. त्यांचा जन्म १६३३ सालचा. मोदेना शहरात त्यांच्या घरी एक कामगार मैलाकुंडी साफ करीत होता. तो अतिशय घाईने काम करतो आहे हे पाहून रामाझ्झिनींनी कारण विचारले. जास्त वेळ आत राहिले की डोळे जातात, असे त्याने सांगितले. त्या दिवसापासून रामाझ्झिनी निरनिराळ्या कामगारांकडे जाऊन चौकशी करू लागले. १७०० साली त्यांनी कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्या ग्रंथात कारकुनांच्या दुखण्याविषयीही लिहिले आहे. रामाझ्झिनींनी त्याची तीन कारणे दिली. सतत बसणे, हाताची एकच एक हालचाल पुन्हा पुन्हा करणे आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या दंतवैद्याला जशीच्या तशी लागू पडते! रोग्याला तपासताना वैद्याने इतर प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो प्रश्न म्हणजे, “तुम्ही काम काय करता?”

उभ्याचे बसते झाले, पण...

दंतवैद्यांचे काम पूर्वी आजच्यासारखे बसून होत नसे. १८७१ साली अमेरिकेत मॉरिसन यांनी पायाने चालवण्याच्या दातकोरणीचे एकस्व घेतले. शिवणयंत्राच्या पायट्यासारखा पायटा एका पायाने हलवायचा, दुसऱ्या पायावर उभे राहायचे आणि हाताने रोग्याच्या तोंडात बारीक काम करायचे! पुढे विजेवर चालणारी यंत्रे आली. १९५७ साली हवेच्या झोताने फिरणारी चक्री बाजारात आली. तिचे मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे होत. याच सुमारास रोग्याला आडवे करणारी खुर्ची आली आणि डॉक्टर स्टुलावर बसून, मदतनीस शेजारी घेऊन काम करू लागले.

पायांचा व कंबरेचा भार हलका झाला. पण मान, खांदे आणि मनगट यांची तक्रार काही थांबली नाही. यातून एक मोठी गोष्ट शिकण्यासारखी आहे. यंत्र सुधारले म्हणजे माणसाचे कष्ट आपोआप नाहीसे होतात असे नाही. पुष्कळदा ते एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतात.

माणूस आणि त्याचे काम यांचा मेळ कसा घालावा, हे सांगणाऱ्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. कामासाठी माणसाला वाकवू नका, माणसासाठी कामाला वाकवा, असे त्याचे सूत्र सांगता येईल.

सोलापूरच्या घरातली बैठक

आता आपण दवाखान्याबाहेर येऊ. सोलापूर शहराजवळ केगाव येथे दंतवैद्यकाचे महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या मुलामुलींना पहिल्या वर्षापासून हाताचे बारीक काम करावे लागते. आणि त्याच शहरात, पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून, हजारो स्त्रिया त्याच जातीचे काम आयुष्यभर करीत आल्या आहेत. त्या म्हणजे विडी कामगार स्त्रिया.

त्यांची बैठक डोळ्यांपुढे आणा. जमिनीवर मांडी घातलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली तेंदूची पाने. पान मापात कापायचे, तंबाखू भरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायची, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. पुन्हा दुसरी विडी. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने.

एका बाजूला दंतवैद्य आणि दुसऱ्या बाजूला ही बाई. दोघांचे शिक्षण, मिळकत, कामाची जागा सारेच वेगळे. पण शरीराला या गोष्टी कळत नाहीत. दोघांचीही मान पुढे झुकलेली, नजर जवळच्या बारीक कामावर खिळलेली, बोटांची चिमूट घट्ट, पाठ आधाराविना, आणि तीच हालचाल पुन्हा पुन्हा. मघाशी आपण काढलेला १० किलोग्रॅमचा हिशेब दोघांनाही सारखाच लागू आहे.

फरक आहे तो इतर बाबतींत. डॉक्टर स्टुलाची उंची बदलू शकतात, दिवा हलवू शकतात, दोन रोग्यांच्या मध्ये पाच मिनिटे थांबू शकतात. विडी वळणारी बाई थांबली की मोजणीत तेवढ्या विड्या कमी भरतात. शिवाय मांडी घालून तासन्‌तास बसल्याने गुडघे आखडतात, आणि तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते ती वेगळीच. २००६ साली शहराजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. स्वतःचे पक्के घर मिळणे ही फार मोठी गोष्ट होती. पण विडी कामगार स्त्रीचे घर हाच तिचा कारखाना असतो. तेव्हा घरातली बसण्याची जागा, उजेड आणि हवा हे तिच्या आरोग्याचेच प्रश्न ठरतात.

सोलापूरची चादर देशभर प्रसिद्ध आहे. तिच्यामागेही अशीच शरीरे आहेत. हातमागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पावड्या दाबतो. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो, एका मागाकडून दुसऱ्याकडे फिरतो आणि तुटलेला धागा जोडण्यासाठी वाकतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात यांपैकी कोणी ना कोणी असेल. त्यांची कंबर दुखते तेव्हा “वय झाले” किंवा “वाताचा त्रास आहे” असे म्हणून आपण विषय संपवतो. रामाझ्झिनींचा प्रश्न मात्र विचारायचा राहूनच जातो.

उपाय कोणते?

दंतवैद्यांसाठी शास्त्रज्ञांनी जे उपाय सुचवले आहेत, त्यांत पुष्कळ शहाणपण आहे. पहिला उपाय म्हणजे रोग्याची उंची. रोग्याचे तोंड डॉक्टरांच्या कोपराच्या उंचीला असावे, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत आणि कोपर अंगाजवळ राहते. दुसरा उपाय म्हणजे जागा बदलणे. रोग्याचे डोके हे घड्याळाचे केंद्र मानले आणि बारा वाजण्याची जागा डोक्यामागे धरली, तर उजव्या हाताने काम करणारे डॉक्टर सात वाजण्याच्या जागेपासून बारा वाजण्याच्या जागेपर्यंत सरकू शकतात. मान पिळण्याऐवजी स्टूल सरकवावे!

तिसरा उपाय म्हणजे आरसा. तोंडात घालण्याचा तो चिमुकला आरसा तुम्ही पाहिलाच असेल. सपाट आरसा १० अंश फिरवला की परावर्तित किरण २० अंश फिरतो. म्हणजे बोटांनी आरसा किंचित वळवला, की जे पाहायला मान बरीच वाकवावी लागली असती ते जागेवर बसून दिसते. मात्र आरशातली प्रतिमा उलटी असल्याने हात चालवायला सराव लागतो. एका कागदावर चांदणी काढा, तिच्यावर पुठ्ठ्याचा आडोसा धरा आणि फक्त आरशात पाहून तिच्या रेघांवरून पेन्सिल फिरवा. आरशातून काम करणे किती अवघड आहे ते कळेल, आणि सरावाने ते जमते हेही कळेल.

चौथा उपाय भिंगाचा. डॉक्टर चष्म्यावर जी भिंगे लावतात, त्यांतून ठराविक अंतरावरूनच स्पष्ट दिसते. त्यामुळे आणखी पुढे वाकण्याचा मोह आपोआप टळतो. पण भिंगाचा कोन व अंतर त्या माणसाच्या मापाचे नसेल, तर तेच भिंग मानेला वाकायला लावते.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे थोडी थोडी विश्रांती. दोन तास सलग काम करून मग पंधरा मिनिटे थांबण्यापेक्षा मधून मधून अर्धा-एक मिनिट थांबणे, हात खाली सोडणे, मान व खांदे हलवणे, उभे राहून चार पावले चालणे हे अधिक चांगले. हापशाचा दांडा वर येऊ द्यावा, की पाणी पुन्हा वाहू लागते.

यांतले काही उपाय घरातल्या कामगारालाही करता येतात. भिंतीला टेकून किंवा पाठीमागे उशी घेऊन बसणे, खाली जाड बैठक घेणे, अधूनमधून पाय लांब करणे, खिडकीच्या उजेडात बसणे, सूप किंचित उंच ठेवून मान कमी झुकेल असे पाहणे. पण येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की कामाचे दर व वेळ ठरवणाऱ्यांनी विश्रांतीला जागा ठेवली नाही, तर नुसती उशी पुरी पडत नाही. शास्त्र आपल्याला दुखण्याचे कारण दाखवते. ते दूर करणे हे समाजाचे काम आहे.

काही गैरसमजही दूर करायला हवेत. “सवयीने दुखणे जाते” असे म्हणतात. सवयीने दुखण्याकडे दुर्लक्ष करता येते एवढेच. दुसरा गैरसमज असा, की ताठ बसले म्हणजे झाले. अगदी आदर्श बैठकसुद्धा तासभर न हलता धरली, तर त्रास देतेच. बोटांना मुंग्या येणे, पकड सुटणे, रात्री दुखण्याने जाग येणे, दुखणे मानेतून हातात किंवा कंबरेतून पायात उतरणे ही लक्षणे दिसली, तर केवळ बाम चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपले काम कोणते ते आपण होऊन सांगावे.

वर्गात करण्याचा उपक्रम

शिक्षकांच्या मदतीने हा उपक्रम वर्गात करता येईल. १९८७ साली स्कँडिनेव्हियातील संशोधकांनी अंगदुखीच्या पाहणीसाठी एक प्रश्नावली तयार केली. ती आज जगभर वापरतात. तिच्यात शरीराचे नऊ भाग केले आहेत. मान, खांदे, कोपरे, मनगटे व हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, नितंब व मांड्या, गुडघे, घोटे व पावले. प्रत्येक भागाविषयी दोन मुख्य प्रश्न विचारतात. गेल्या बारा महिन्यांत येथे दुखले का? गेल्या सात दिवसांत दुखले का?

वर्गाचे गट पाडा. एका गटाने विद्यार्थ्यांना, दुसऱ्याने शिक्षकांना, तिसऱ्याने घरी किंवा शेजारी विडी, शिलाई, माग यांचे काम करणाऱ्यांना हे प्रश्न विचारावेत. उत्तरे देणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि कागदावर नाव लिहू नये. काम कोणते व रोज किती तास, एवढे लिहावे. मग प्रत्येक कामासाठी नऊ स्तंभांचा आलेख काढा. शिंप्याचा आलेख आणि यंत्रमाग कामगाराचा आलेख एकमेकांशी जुळतो का? कोणता स्तंभ सर्वांत उंच आहे, आणि त्या कामातल्या कोणत्या हालचालीमुळे तसे झाले असावे? माणसे थोडी असतील तर अनुमान जपून काढावे, हेही लक्षात ठेवा.

दुसरा उपक्रम आणखी सोपा आहे. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला खोडरबर लटकवा. झाला ओळंबा. मित्र बाकावर वहीत लिहीत असताना बाजूला उभे राहा आणि मानेच्या तळापासून कानापर्यंतची रेघ उभ्या दोऱ्याशी किती अंशांचा कोन करते ते मोजा. मग वहीखाली दप्तर ठेवून ती तिरकी करा आणि पुन्हा मोजा. मोबाइल मांडीवर ठेवून पाहताना हा कोन किती होतो तेही मोजायला विसरू नका.

तुम्हीच उत्तरे शोधा

१. डोके ४ किलोग्रॅम वजनाचे, भारभुजा १० सें.मी. आणि बलभुजा ५ सें.मी. असेल, तर मानेच्या स्नायूंना किती बल लावावे लागेल?

२. चिमटा दाबून धरण्यापेक्षा दाबणे-सोडणे जास्त वेळ का जमते?

३. आरसा १५ अंश फिरवला, तर परावर्तित किरण किती अंश फिरेल?

४. तुमच्या घरात बसून, वाकून किंवा उभे राहून जे काम सर्वांत जास्त वेळ चालते, त्याची यादी करा. त्यांतल्या एका कामात पैसे न खर्च करता कोणता बदल करता येईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. ते शोधण्यासाठी आईच्या, वडिलांच्या किंवा आजीच्या शेजारी बसून त्यांचे काम अर्धा तास नीट पाहावे लागेल, आणि मग त्यांना विचारावे लागेल, “कुठे दुखते?”